मदत हवी आहे: ती अंतराळयानाची मालिका सुचली कशी?

चांदणझुला: शनिवारी बोलायचं आहे. त्या जुन्या अंतराळ मालिकेची कल्पना कशावरून सुचली, एवढंच हवंय. नेटवर जिथे तिथे एकच वाक्य फिरतंय. जाणकारांनी जरा लवकर सांगा.

रानवारा: कुठली? डॉक्टर हू की स्टार ट्रेक?

मोरपंखी: 'स्पेस सिटी सिग्मा' का? दूरदर्शनवर लागायची. आमच्या चाळीत सगळी पोरं एकाच घरात जमायची. तिचे भाग आहेत का कुणाकडे?

चांदणझुला: नाही हो, कॅप्टन कर्क आणि स्पॉकची! तीही दूरदर्शनवर रविवारी सकाळी असायची.

रानवारा: मग सरळ स्टार ट्रेक लिहा की. तिच्या निर्मात्याने, जीन रॉडनबेरीने, १९६४ मध्ये ती कल्पना विकायला काढली, तेव्हा 'वॅगन ट्रेन'चा दाखला दिला होता. ती गाजलेली वेस्टर्न (काउबॉयच्या जमान्यातली) मालिका. गाड्यांचा तांडा पश्चिमेकडे निघालाय, दर भागात नवी माणसं, नवी भानगड. तेच ताऱ्यांमध्ये नेलं. झालं.

चांदणझुला: हेच ते एक वाक्य!! यापुढचं कुणी सांगेल का?

जुनीफीत: वॅगन ट्रेन हा चॅनेलवाल्यांच्या गळी उतरवायचा दाखला होता. मूळ शोधायचं तर रॉडनबेरीच्याच आधीच्या मालिकेत शोधा. 'द लेफ्टनंट', १९६३-६४, अमेरिकी मरीन सैनिकांवरची. तिच्या वंशद्वेषावरच्या एका भागाला एनबीसी या वाहिनीचा विरोध होता. इथल्या माणसांबद्दल जे बोलू देत नाहीत, ते परग्रहावरच्यांच्या तोंडी घालता येईल, ही वाट त्याने धरली. लेखक स्विफ्टने गलिव्हरच्या सफरींत हेच केलं होतं आणि रॉडनबेरी त्याचं नाव घ्यायचा.

रानवारा: एका अडलेल्या भागावरून अख्खी मालिका? पटत नाही. १९५६चा 'फॉरबिडन प्लॅनेट' चित्रपट बघा. गणवेशातले खलाशी, कप्तान, डॉक्टर, सगळं तयार आहे त्यात. शिवाय कर्क म्हणजे फॉरेस्टरच्या कादंबऱ्यांतला नौदल अधिकारी हॉर्नब्लोअर. रॉडनबेरी स्वतः दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर वैमानिक, पुढे लॉस एंजेलिसचा पोलीस. हुकूम आणि तुकडी त्याच्या अंगात मुरलेली.

जुनीफीत: यान आणि कप्तान तिथून आले, मान्य. पण १९६६ साली त्या यानावर कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी आणि शेजारी जपानी वंशाचा सुलू कुणी बसवले? पुढच्या वर्षी, ऐन शीतयुद्धात, रशियन चेकॉव्ह. हे वेस्टर्नमधून येत नाही.

सागरगोटा: नासाच्या पहिल्या अंतराळ शटलला १९७६ मध्ये एंटरप्राइज हे मालिकेतल्या यानाचं नाव मिळालं ते चाहत्यांच्या पत्रांमुळे. हे नक्की सांगा.

रानवारा: तो परिणाम झाला. त्यांनी प्रेरणा विचारलीय.

मोरपंखी: आणि अभिनेत्री लुसिल बॉल? तिच्या देसिलू स्टुडिओने हात दिला नसता तर काहीच झालं नसतं. पहिला पायलट (नमुन्याचा भाग) 'द केज' एनबीसीने फार बौद्धिक म्हणून परत केला, तरी दुसरा बनला.

जुनीफीत: चांदणझुला, ऐकणारे कोण आहेत? वेळ किती?

चांदणझुला: आठवी-नववीची मुलं, दहा मिनिटं.

रानवारा: हे आधी सांगायचं ना! तरी वॅगन ट्रेन गाळू नका, एका वाक्यात येते.

जुनीफीत: मुलांना वेस्टर्न कुठून माहीत असणार? लेफ्टनंटपासून सुरू करा.

चांदणझुला: बरं. त्या भागाचं नाव?

जुनीफीत: 'टू सेट इट राइट'. त्यात निशेल निकोल्स आहे. पुढे स्टार ट्रेकमध्ये उहुरा झाली ती हीच.