आधी पोट, मग मन? (जव्हार-मोखाड्याच्या मुलांवरून)

रानवाट :
कालच्या धाग्यात एका सदस्याने लिहिलं, ‘आदिवासी पोरांना हवामानबदलाची चिंता वगैरे शहरी खुळं आहेत. आधी पोटाला द्या, मनाचं नंतर बघू.’ तिथे चार ओळी खरडल्या, पण राग गेला नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी अकरा वर्षं आश्रमशाळेत शिकवतोय. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात चौथीतल्या एका मुलाच्या पेटीला मुंग्या लागल्या. उघडली तर वह्यांखाली कागदात गुंडाळलेले वाळके भाताचे गोळे. पोरगा बोलेना. तिसऱ्या दिवशी विचारतो, “सर, पाऊस कधी जाणार?” घरची नागली कापून शेतात भिजत पडली होती. नागलीचं पीक गेलं की मालकाकडून बयाणा, म्हणजे आगाऊ पैसे, लवकर घ्यायचा, आईबाप दिवाळीआधीच वीटभट्टीवर मजुरीला, ‘जगायला’ जाणार, सुट्टीत घराला कुलूप. नऊ वर्षांच्या पोराने ढगाकडे बघून हे सगळं मांडलं होतं, आणि सुट्टीसाठी भात साठवत होता. आता यातलं पोट कुठलं आणि मन कुठलं, ते वेगळं करून दाखवा.

गणपा_७१ :
तो ‘एक सदस्य’ मीच, सरळ नाव घ्यायचं. १९९२-९३ला जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली तेव्हा हवामानबदल कुणाच्या तोंडी होता? भट्टीवर जाणं तेव्हाही होतंच. जव्हारला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात टँकर लागतो, हे आभाळाचं पाप? सगळं हवामानाच्या अंगावर ढकललं की साहेब लोक सुटले!

रानवाट :
साहेबांना कोण सोडतंय? जाणं होतंच, पण दिवाळी करून, कणगीत थोडं धान्य टाकून. आता परतीचा पाऊस ऐन कापणीत गाठतो. शिवाय धाकटी भावंडं बरोबर जातात. सरकारी अमृत आहार योजनेचं अंडं गावच्या अंगणवाडीत, पोर भिवंडीच्या भट्टीवर.

सायली_आहार :
मूळ दुखणं रेशन आहे. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहे, पिशवीत मात्र तांदूळ आणि गहू. यांनी आपली नाचणी सोडली तिथेच घात झाला.

दादरकर :
+१. २०२३ला भरडधान्य वर्ष झालं, आमच्याकडे नाचणीची बिस्किटं आली. डब्याची किंमत बघून परत ठेवली.

वारलीपोर :
नागली म्हणतात तिला. आणि ‘सोडली’ म्हणे! ताई, उतारावर राब भाजून, रोप करून, भर पावसात वाकून कधी लावलीय? आजीची कंबर त्यात गेली. आम्हाला भात आवडतो. तुमच्या पिझ्झ्याला कुणी ज्वारी शिकवतं का?

सायली_आहार :
उपदेश नव्हता तो, आकडा होता. इतकं झोंबायचं कारण नाही.

वारलीपोर :
आकडा ताटात वाढून बघा. भाव द्या, नागली आपोआप लावू. गेल्या वेळी व्यापाऱ्याने मागितली त्या भावात मजुरीही निघाली नसती.

दादरकर :
हमीभाव आहे की नाचणीला.

वारलीपोर :
आहे. तुमच्या बिस्किटांसारखाच. लांबून बघायचा.

गणपा_७१ :
झालं, धागा नागलीवर गेला. असो. पेटीतला तो भात माझ्या डोक्यातून जात नाहीये, एवढं मान्य करतो. मनाचं बघायला समुपदेशक हवा म्हणाल, तर नेमा! महिन्यातून एकदा येईल, प्रमाण मराठीत ‘बाळा, तुला कसं वाटतं?’ विचारेल, फॉर्म भरेल आणि चारच्या एसटीने घरी जाईल.

वारलीपोर :
हे मात्र काका बरोबर बोलले, वाईट वाटतंय कबूल करायला. मी पहिलीपासून आश्रमशाळेत. पहिलं वर्ष रोज रात्री रडायचो. बाई काय बोलतात तेच कळायचं नाही. शाळेत वरकाम करणाऱ्या कामाठी मावशी आमच्या बोलीत बोलायच्या, त्या नसत्या तर पळून गेलो असतो. त्यांना नेमा, समुपदेशकाचा पगार द्या.

सायली_आहार :
प्रशिक्षण नको का पण?

वारलीपोर :
द्या ना, वारलीत द्या.

गणपा_७१ :
रानवाट, त्या पोराचं पुढे काय झालं?

रानवाट :
त्या दिवाळीला मावशीच्या पाड्यावर राहिला. आता सहावीत आहे. पेटी मी पुन्हा उघडली नाही.