गुऱ्हाळाची फिल्मवरची छायाचित्रे आणि मिश्रमाध्यम: छायाचित्र कुठवर झाकावे?

करवीरकन्या विचारतात:

मी कोल्हापुरात चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि त्यानंतर बराच काळ जलरंगात निसर्गचित्रेच करत राहिले. आपल्या गावात ती परंपरा मोठी आहे. चित्रकार आबालाल रहिमान यांनी इथल्या कोटितीर्थ तलावाचा परिसर ज्या निष्ठेने पुन्हा पुन्हा रंगवला, ती चित्रे पाहतच आमच्यासारख्यांची नजर घडली. पण करवीर तालुक्यातील गुऱ्हाळे हा विषय हाती घेतला तेव्हा जलरंग अपुरा पडू लागला. काहिलीवरची वाफ, चुलवणातला जाळ आणि त्या उजेडात क्षणभर दिसून पुन्हा वाफेआड जाणारा गुळव्याचा (गूळ शिजवणाऱ्याचा) चेहरा मला आठवणीतून रंगवायचा नव्हता. म्हणून मी घरातला जुना ३५ मिलिमीटरचा फिल्म कॅमेरा बाहेर काढला, ४०० आयएसओच्या (कमी उजेडातही चालणाऱ्या) कृष्णधवल फिल्मवर काम सुरू केले आणि रोल धुण्यापासून प्रिंट काढण्यापर्यंतची सगळी कामे हळूहळू शिकून घेतली.

पुढे असे झाले की प्रिंटमध्ये वाफ दिसत होती, पण तिथली धग आणि चिकटपणा कुठेच उतरत नव्हता. तेव्हा मी प्रिंटवर चिपाडाचे धागे आणि रस गाळण्याच्या कापडाचे तुकडे चिकटवू लागले, काही ठिकाणी काकवीचा हात दिला आणि उरलेल्या भागावर रंग लावले. ही मालिका येत्या हिवाळ्यात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात मांडण्याचा विचार आहे. छायाचित्रकार मित्रांचे म्हणणे असे, की मी चांगल्या प्रिंटची नासाडी करते आहे, तर चित्रकार मित्रांना वाटते की मी छायाचित्राचा आधार घेऊन रेखाटनाचे कष्ट टाळते आहे. दोघांच्या बोलण्यात थोडे तथ्य असावे असे वाटल्यामुळे मी अडले आहे. मूळ छायाचित्र किती झाकावे, थेट निगेटिव्हवर ओरखडे काढून काम करावे का, आणि हे सगळे कोल्हापूरच्या पावसाळ्यात टिकेल का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना रिटचर लिहितात:

ताई, छायाचित्राला हात लावला की ते बिघडते, ही समजूत आपल्या गावातल्या जुन्या स्टुडिओंमध्ये कोणालाच मान्य झाली नसती. आम्ही निगेटिव्हच्या इमल्शनच्या (प्रतिमा धरणाऱ्या थराच्या) बाजूला टोकदार पेन्सिल चालवून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसत असू, आणि प्रिंट तयार झाली की पातळ रंगांनी पैठणीचा काठ, कुंकू आणि फेट्याचा रंग भरत असू. त्यासाठी प्रिंट मुद्दाम थोडी फिकी काढावी लागे, कारण पारदर्शक रंग गडद काळ्यावर दिसतच नाही. आपल्याला आजही ही गोष्ट उपयोगी पडेल.

बाबुराव पेंटर यांचे उदाहरण तर घरचेच आहे. आनंदराव पेंटर यांच्याबरोबर नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस स्वतः कॅमेरा तयार करतो, त्यावर १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढतो, आपल्या चित्रपटांची पोस्टरे रंगवतो आणि मूर्तिकामही करतो. पडदा, कॅमेरा, कुंचला आणि माती या चारही गोष्टी एकाच हातात असताना त्यांपैकी कोणती शुद्ध आणि कोणती मिश्र, असा प्रश्न त्यांना पडला असेल असे मला वाटत नाही. कोल्हापुरात मिश्रमाध्यम बाहेरून आले, असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नका.

तरीही आमच्या कामात आणि आपल्या कामात एक मोठा फरक आहे. आमचा हात गिऱ्हाइकाच्या इच्छेसाठी चालत होता, म्हणजे झाकण्यासाठीच चालत होता. आपल्याला काही झाकायचे नसून कॅमेऱ्याला जे सापडले नाही ते तिथे आणायचे आहे. म्हणून प्रत्येक प्रिंट समोर ठेवून, फिल्मने खरोखर काय टिपले आणि तिच्या हातून काय निसटले, हे आधी पाहावे. गुळव्याच्या मनगटावरच्या शिरा, ढवळण्याच्या फावड्याची झिजलेली कड, कपाळावरचा घाम या गोष्टी फिल्मने साक्षीदाराच्या इमानाने नोंदवलेल्या असतात आणि त्या हाताने पुन्हा घडवता येत नाहीत. त्यांना हात लावू नये. जिथे वाफेचा पांढरा भाग पूर्ण उडून गेला आहे किंवा कोपऱ्यातला काळोख सपाट झाला आहे, तिथे फिल्मपाशी सांगण्यासारखे काही उरलेले नसते. आपल्या रंगाची आणि चिपाडाची हक्काची जागा तीच आहे, असे माझे मत आहे.

फिल्मवर टिपतानाही एक काळजी घ्यावी. लाइटमीटर समोरचे सगळे मध्यम करडे आहे असे धरून मोजमाप देतो, त्यामुळे पांढऱ्या वाफेवर धरला तर वाफच करडी आणि मळकट येते. मीटरच्या सांगण्यापेक्षा एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड जास्त द्यावा.

हायपो लिहितात:

मी टिकाऊपणाविषयीच लिहितो, कारण या मालिकेचे भवितव्य त्यावर ठरणार आहे.

पहिली गोष्ट कागदाची. सहज मिळणाऱ्या आरसी कागदावर प्लॅस्टिकचा थर असतो. तो लवकर धुतला जातो, पण त्यावर जलरंग आणि खळ नीट धरत नाहीत. या कामासाठी मॅट पृष्ठभागाचा फायबर कागद घ्यावा. तो फिक्सर, म्हणजे प्रतिमा कायम करणारे हायपोचे द्रावण, शोषून घेतो, म्हणून त्याला वाहत्या पाण्यात तासाभरापर्यंत धुवावे लागते. पाणी वाचवायचे असेल तर मध्ये सोडियम सल्फाइटचे द्रावण वापरून आणि ट्रेमधले पाणी वारंवार बदलून हा वेळ बराच कमी करता येतो. हायपो कागदात राहिला तर काही वर्षांनी चांदीची प्रतिमा पिवळी पडून विटते, आणि वर कितीही उत्तम रंगकाम केलेले असले तरी ते वाचत नाही.

दुसरी गोष्ट चिपाडाची. कच्च्या चिपाडात लिग्निन, म्हणजे धाग्यांना कडकपणा देणारे द्रव्य, असते. ते उजेडाने पिवळे पडते आणि त्यातून निघणारी आम्ले खालच्या प्रिंटलाही खातात. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात चिपाड चांगले उकळून, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन, मगच त्याचे धागे वापरावेत. चिकटवण्यासाठी लाकडाच्या गोंदापेक्षा गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ बरी, कारण ती पुढे कधी ओलावून सोडवता येते. तिला कसर लागते हे खरे, त्यामुळे चौकट मागून पक्की बंद करावी आणि काचेचा प्रिंटला स्पर्श होऊ देऊ नये.

काकवीबाबत मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. ती हवेतला ओलावा सतत ओढून घेते, कधीच पूर्ण सुकत नाही, आणि आपल्याकडच्या आषाढ-श्रावणात तिच्यावर बुरशी येणार, मुंग्या तर त्याआधीच येतील. ती बुरशी प्रिंटवरच्या जिलेटिनच्या थरात उतरली की प्रतिमाच संपते. आपल्याला तो तपकिरी रंग हवा असेल तर त्यासाठी दुसरा मार्ग आहे, आणि तो मला फार आवडतो. सायनोटाइप ही ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली पद्धत आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड यांचे मिश्रण कागदावर लावून वाळवायचे, त्यावर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे आणि साध्या पाण्यात धुवायचे. चांदी लागत नाही आणि डार्करूमही लागत नाही. येणारी निळी प्रतिमा सोड्याच्या अगदी सौम्य पाण्यात थोडी उतरवून टॅनिनच्या (तुरट द्रव्याच्या) काढ्यात बुडवली की लोहाशी संयोग होऊन ती तपकिरी-काळ्या छटेकडे जाते. बहुतेक लोक त्यासाठी चहा वापरतात, पण आपल्या शाहूवाडी-राधानगरीच्या जंगलात मिळणाऱ्या हिरड्यात टॅनिन भरपूर असते, म्हणून हिरड्याच्या काढ्याचा प्रयोग जरूर करावा. चिपाडाच्या लगद्याचा कागद बनवून त्यावरच सायनोटाइप काढला, तर विषय आणि कागद एकाच शेतातले होतील. मात्र त्या लगद्यात सोडा अजिबात राहता कामा नये, कारण अल्कलीने ही निळाई विरते.

पोटॅशियम डायक्रोमेट वापरून गोंद आणि रंगातून छायाचित्र छापणारी गम पद्धत कोणी सुचवली तर घरी करू नका; ते रसायन कर्करोगकारक आहे. वापरलेला फिक्सरही मोरीत ओतू नका. त्यात विरघळलेली चांदी असते, आणि पंचगंगेने आधीच पुष्कळ सोसले आहे.

रंकाळ्याकाठी लिहितात:

निगेटिव्हवर ओरखडे काढू नयेत, एवढेच निःशंकपणे सांगतो. ते उत्तम स्कॅन करून ठेवावे, त्यावरून पारदर्शक शीटवर हवी तेवढी मोठी निगेटिव्ह छापून घ्यावी आणि तिच्यावर वाटेल ते करावे. मूळ निगेटिव्ह पीव्हीसीच्या पाकिटात न ठेवता पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात, सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावे.

रिटचर काकांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे, तरी रंग फक्त रिकाम्या जागीच असावा, हा त्यांचा नियम मला पटत नाही. जर्मन चित्रकार गेर्हार्ड रिश्टर यांनी साध्या लॅबमधून आलेल्या लहान रंगीत छायाचित्रांवर तैलरंग ओढला, तो पुष्कळदा नेमका तिथेच, जिथे पाहणाऱ्याला काहीतरी पाहायचे असते. तो अडथळाच त्या चित्रांचा विषय होतो. गुऱ्हाळात वाफेमुळे माणूस दिसेनासा होत असेल, तर एखाद्या प्रिंटमध्ये चेहराच चिपाडाखाली जाऊ द्यावा. बडोद्याच्या ज्योती भट्ट यांचा मार्गही पाहावा. मुद्राचित्रकार (ठशांवरून चित्रे छापणारे) असलेल्या या कलावंताने लोककलेची नोंद करण्यासाठी कॅमेरा घेतला आणि तो दस्तऐवज व कलाकृती या दोन्ही बाजूंनी तितक्याच गंभीरपणे चालवला. चित्रकार मित्रांच्या आक्षेपाला माझ्या मते हे पुरेसे उत्तर आहे.

आणखी एक सुचवतो. चेहरा झाकायचा असो वा उघडा ठेवायचा असो, त्या गुळव्याला प्रिंट दाखवून आधी विचारावे.

करवीरकन्या लिहितात:

तिघांचेही मनापासून आभार. काकवी बंद करते. ज्या प्रिंटवर ती आधीच लावली आहे, त्या प्रदर्शनात न ठेवता त्याच निगेटिव्हवरून फायबर कागदावर नव्याने काढीन. चेहरा झाकण्याविषयी काका आणि रंकाळ्याकाठी यांची मते जुळत नाहीत, आणि मला तो मतभेद मोलाचा वाटतो. मालिकेतल्या बहुतेक प्रिंटमध्ये मी काकांचे ऐकेन, पण वाफ फार दाट असलेल्या दोन-तीन प्रिंटमध्ये चेहऱ्यावरच काम करून पाहीन. दसऱ्यानंतर गुऱ्हाळे पेटली की संबंधित माणसांना प्रिंट दाखवून त्यांची संमती घेईन, आणि कोणी नको म्हटले तर ती प्रिंट मांडणार नाही.

हायपो यांना एक विचारायचे आहे. हिरड्याचा काढा करताना हिरडा फोडून रात्रभर भिजवावा की थेट उकळावा, आणि ढगाळ दिवसांत सायनोटाइपला ऊन कमी पडते तेव्हा अतिनील ट्यूब वापरल्यास छटेत फरक पडतो का?