केळना कुठूनही ओलांडता येते, मग असईच्या लढाईत उताराचे एवढे महत्त्व कशासाठी?

जालनेकर_मास्तर

नमस्कार. मी जालना जिल्ह्यात शिक्षक असून लढायांचा अभ्यास केवळ हौसेपोटी करतो. मे महिन्यात असईला जाऊन आलो आणि एक शंका घेऊन परतलो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांची फौज केळनेच्या उत्तर काठावर दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. वाटाड्यांनी पुढे नदी पार करण्याजोगा उतार नाही असे सांगितले, तरीही पिंपळगाव व वरूड ही गावे दोन काठांवर समोरासमोर दिसत असल्यामुळे तेथे उतार असलाच पाहिजे, असा तर्क इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने केला आणि तेथून पार होऊन तो मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला, असे सर्वत्र वाचायला मिळते. मात्र मी पाहिले तेव्हा पात्र कोरडे होते, मुले त्यात क्रिकेट खेळत होती आणि मी स्वतः चार ठिकाणी चपला न काढता पलीकडे गेलो. अशा नदीला उतार शोधावा का लागला असेल? हा प्रसंग इंग्रजांनी आपल्या सेनापतीच्या कौतुकासाठी फुगवला असेल का?

गोदाकाठ

मास्तर, आपला प्रश्न रास्त आहे, पण आपण नदी ओलांडली ती एकट्याने आणि उन्हाळ्यात. उतार म्हणजे केवळ कमी पाण्याची जागा नव्हे. दोन्ही काठांना गाडी उतरेल व चढेल अशी चाकोरी जेथे पडली आहे, ती जागा म्हणजे उतार. केळनेचा काठ जेथे पुरुषभर उंच आणि उभा तुटलेला आहे, तेथे माणूस घसरत उतरेल, घोडाही कसाबसा उतरेल, पण बैल जुंपलेली तोफ काळ्या मातीच्या त्या कड्यावरून उतरणार नाही, आणि पावसाळ्याच्या शेवटी तर मुळीच नाही. माझी नोकरी पाटबंधाऱ्याच्या कामावर गेली. सप्टेंबरमध्ये भरलेली ट्रॉली ओढ्यात रुतली की ती काढायला दुसरा ट्रॅक्टर आणि अर्धा दिवस लागतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. समोर शंभराच्या आसपास तोफा रोखलेल्या असताना तो अर्धा दिवस कोणी दिला असता?

मराठवाड्यातील लढाया पाहताना मी प्रथम महिना पाहतो आणि मग पाणी. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनाला गोदावरी भरून वाहत होती. निजामअली मुख्य फौजेसह उत्तर तीरावर पोहोचला होता, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मात्र चंदावल, म्हणजे फौजेची पिछाडी, घेऊन दक्षिण तीरावरच राहिला होता. मराठ्यांनी त्याला तेथेच गाठले. लढाईच्या एका टप्प्यावर राघोबादादा स्वतः वेढले गेले, माधवराव पेशव्यांनी त्यांना सोडवले, विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पुरामुळे निजामाला पलीकडून मदत पाठवता आली नाही. आज तेथे उभे राहिल्यास हे पटत नाही, कारण वर पैठणला जायकवाडीचे धरण आहे आणि नदीत पाणी किती असावे हे दरवाजे ठरवतात.

पालखेडला नेमके उलटे घडले. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावाने निजामुल्मुल्काला अशा मुलखात ओढून आणले की तेथे लढाई करण्याची फारशी गरजच उरली नाही. जालना, सिंदखेड, खानदेश, गुजरात अशी दौड मारून तो पुन्हा औरंगाबादेच्या रोखाने वळला. त्याच्या पाठीवर धावताना निजामाला जड तोफखाना मागे ठेवावा लागला, आणि वेढा पडल्यावर दाणा-वैरणीबरोबर पाणीही तुटले. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. हे पालखेड वैजापूर तालुक्यातील आहे. काही मंडळी धरणाच्या नावावरून नाशिक जिल्ह्यातील पालखेडला जाऊन छायाचित्रे काढून येतात, त्यांना काय म्हणावे! वैजापूरच्या बाजूला जाणाऱ्यांनीही कालव्याचे पाणी नजरेआड करूनच तो मुलूख पाहावा.

पलटण_१८०३

गोदाकाठ यांचे उताराविषयीचे विवेचन मान्य आहे, परंतु असईचा निकाल पाण्याने लावला हे मला मान्य नाही. पाण्याने वेलस्लीला फक्त दार उघडून दिले. पलीकडे केळना आणि जुई यांच्या बेचक्यात सुमारे मैलभर रुंदीची पट्टी आहे. तेथे दोन्ही बगलांना नद्या असल्यामुळे शिंदे-भोसल्यांच्या प्रचंड घोडदळाला पसरायला वाव राहिला नाही, एवढा फायदा त्याला खचित झाला. पण मराठ्यांची फळी बगलेवरून गुंडाळता येईल ही त्याची अपेक्षा फसली, कारण शिंद्यांच्या चाकरीतील युरोपीय अधिकारी पोलमन याच्या हाताखालील कंपूंनी, म्हणजे कवायती पायदळाच्या पलटणींनी, काटकोनात वळून डावे टोक असईला आणि उजवे केळनेला टेकवले व तोफांसह नवी फळी उभी केली. पायदळ आणि तोफा शत्रूच्या डोळ्यांदेखत असे वळवणे हे कवायतीत मुरलेल्या शिपायांचेच काम आहे. आपल्याकडे या लढाईचे वर्णन नुसते ‘मराठे हरले’ एवढ्यावर उरकतात, तेव्हा या हालचालीचा उल्लेखही होत नाही याचे मला वाईट वाटते.

त्यानंतर मराठी तोफांनी इंग्रजांच्या तोफांचे बैल टिपले, त्यामुळे त्यांना तोफा मागे टाकून संगिनींनिशी चालून यावे लागले. त्यांची ७४ वी पलटण चुकून थेट असई गावावर गेली आणि तिचा चुराडा झाला. इंग्रज अधिकारी मॅक्सवेलच्या घोडदळाने तिचे उरलेले लोक वाचवले, पुढे मॅक्सवेलही त्याच दिवशी पडला. शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचे सोंग घेऊन तोफांजवळ पडून राहिले आणि इंग्रजांची फळी पुढे सरकताच उठून त्यांनी त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. इंग्रजांकडे दीड हजारांहून अधिक ठार-जखमी झाले.

मग हार का झाली? माझ्या मते, धन्याविना सोडलेल्या फौजेमुळे. दोन्ही सरदार घोडदळासह रणांगणातून निघून गेले, आणि शिंद्यांच्या चाकरीतील अनेक इंग्रज अधिकारी युद्ध जाहीर होताच आधीच बाहेर पडले होते. ही पोकळी नदी पाहून समजत नाही.

गोदाकाठ

पलटण, आपले म्हणणे वाजवी आहे. तरीही ती काटकोनातील वळणाची कसरत करावी लागली ती उतारावर पहारा नसल्यामुळेच. पिंपळगावच्या काठावर दोन पलटणी आणि चार तोफा ठेवल्या असत्या तर वेलस्लीला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबून मागून येणाऱ्या इंग्रज अधिकारी स्टीव्हन्सनच्या तुकडीची वाट पाहावी लागली असती.

जालनेकर_मास्तर

उभयतांचे आभार. तोफेचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, मी आपला चपलेच्या हिशेबाने नदी मोजत होतो. आता २३ सप्टेंबरलाच पुन्हा जायचे ठरवले आहे. पिंपळगावच्या बाजूला काठ कोठे उतरता आहे आणि कोठे तुटलेला आहे हे या वेळी टेप लावून मोजीन व येथे लिहीन. गावातील एका ओळखीच्या शेतकऱ्याने बैलगाडी देऊ केली आहे. मात्र गाडी रुतली तर बाहेर काढण्याची जबाबदारी माझी, असे त्याने आधीच बजावले आहे.