मदत हवी आहे : नामजप आणि श्वास यांचा संबंध

सांगलीतील आमच्या वाचकमंडळासाठी मी निरनिराळ्या परंपरांतील जपपद्धतींवर एक टिपण तयार करीत आहे. कोणती परंपरा श्रेष्ठ, हा त्याचा विषय नाही. जप करताना साधक श्वासाचे नेमके काय करतो, एवढेच पाहायचे आहे.

काही परंपरांत हे स्पष्ट आहे. दिगंबर जैन कायोत्सर्गात (देहाची आसक्ती सोडून स्थिर राहण्याच्या साधनेत) नऊ वेळा णमोकार हा मंत्र म्हणताना २७ श्वासोच्छ्वास मोजतात, म्हणजे एका मंत्राला तीन. नाथपंथातील सोहं हा अजपाजप (मुद्दाम न उच्चारता श्वासाबरोबर आपोआप होणारा जप) तर श्वासावरच उभा असून त्याची दिवसाची संख्या २१,६०० मानली जाते. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती साधक येशूच्या नामप्रार्थनेचा पूर्वार्ध श्वास घेताना आणि उत्तरार्ध सोडताना म्हणतात. (हे साम्य मला फार विलक्षण वाटले.)

अडचण घरच्याच, म्हणजे समर्थ रामदासांच्या परंपरेत आहे. ‘श्रीराम जय राम जय जय राम’ या त्रयोदशाक्षरी मंत्राविषयी सज्जनगड आणि गोंदवले येथे जाणाऱ्या परिचितांना विचारले, तेव्हा काहींनी श्वासाशी सांगड घालावी असे सांगितले, तर काहींनी नामाकडेच लक्ष असावे, श्वासाकडे मुद्दाम पाहू नये, असे आग्रहाने सांगितले. दासबोधातील नवविधा भक्तीचा दशक वाचला. त्यातील नामस्मरणाच्या समासात सतत स्मरणावर भर आहे, पण माझ्या प्रश्नाचे थेट उत्तर मला तेथे मिळाले नाही. वाचिक (मोठ्याने), उपांशु (पुटपुटत) आणि मानस (मनातल्या मनात) हे जपाचे भेद मला ठाऊक आहेत, त्यामुळे ते पुन्हा सांगण्याची आवश्यकता नाही. अनुग्रहाच्या वेळी गुरूंनी खासगीत सांगितलेले काही येथे उघड करावे, अशीही अपेक्षा नाही. मराठी किंवा हिंदी ग्रंथ चालतील, आणि साताऱ्यापर्यंत जाऊन ग्रंथ पाहणे मला शक्य आहे.

समर्थ संप्रदायाच्या कोणत्या ग्रंथात, आणि त्यातील कोणत्या प्रकरणात, त्रयोदशाक्षरी जपाचा श्वासाशी संबंध जोडलेला किंवा स्पष्टपणे नाकारलेला आढळतो?