डॉलर शेवटी बँकेतच
'स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाला किंमत बांधलेलं डिजिटल नाणं) घेतलं की बँकेवर विसंबायला नको' असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. पाठवायला बँक लागत नाही, मान्य. पण नाण्याच्या हमीसाठी राखलेले डॉलर ठेवतात कुठे? मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा यूएसडीसी नावाचं असं नाणं काढणाऱ्या सर्कल कंपनीचे ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकले. शनिवार-रविवार बँका बंद, नाण्याची खरेदी-विक्री मात्र २४ तास चालू! एका डॉलरचं हे नाणं ८८ सेंटच्याही खाली घसरलं. सावरलं कधी, तर अमेरिकी सरकारने त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी परत मिळतील असं जाहीर केल्यावर. म्हणजे जिला पर्याय शोधायला निघालो, तीच व्यवस्था धावून आली.

(टेरायूएसडी या आणखी एका स्टेबलकॉइनचं तर विचारूच नका, ते लुना नावाच्या दुसऱ्या नाण्याच्या भरवशावर उभं होतं. मे २०२२ मध्ये दोन्ही झोपली.)