मदत हवी आहे: गर्भाचा रक्तदाब घसरला की एसीटीएच वाढतं, मग कॉर्टिसॉल का नाही?

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची, एम.एस्सी. प्राणिशास्त्र, दुसरं वर्ष. सेमिनारला विषय आलाय: जन्माआधी रक्तदाब कमी झाला तर संप्रेरकं काय करतात. (एसीटीएच म्हणजे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक; ते मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बनवायला लावतं.) यातलं बरंचसं काम मेंढीच्या गर्भावर झालंय. शेत रिकामं झालं की आमच्याकडे ठेलारी (मेंढपाळ) मेंढ्या बसवतात, म्हणून मेंढी पाच महिन्यांनी विते हे घरात सगळ्यांना पाठ. पुस्तकात साधारण 147 दिवस.

एवढं कळलंय: दाब घसरला की कॅरोटिड सायनस (मानेतल्या धमनीचा फुगीर भाग) आणि महाधमनीच्या कमानीतले दाबग्राही मेंदूला कमी संदेश पाठवतात. मग पिट्युटरीतून एसीटीएच आणि पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन सुटतं, मूत्रपिंडातून रेनिन हे एन्झाइम, त्यातून पुढे रक्तवाहिन्या आकसवणारं अँजिओटेन्सिन-२. अडलंय ते कॉर्टिसॉलपाशी. 100-120 दिवसांच्या गर्भात एसीटीएच चढतं, कॉर्टिसॉल जेमतेम हलतं. दिवस भरत आले की दोन्ही चढतात. माझ्या आकृतीतल्या एसीटीएचकडून कॉर्टिसॉलकडे जाणाऱ्या बाणाखाली मॅडमनी पेन्सिलने नुसतं प्रश्नचिन्ह काढून वही परत दिली.

दुसरं, आईचं बीपी कमी म्हणजे बाळाचंही कमी, असं धरायचं का? वहिनीला सातवा लागलाय, डॉक्टरांनी डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय. आई रोज मला विचारते, "बाळले काय व्हई?"

उत्तर (जळगावहून, फिजिओलॉजी शिकवतो):
ताई, बाण ठेवा, फक्त त्यावर वय लिहा. मधल्या काळात मेंढीच्या गर्भाचं ॲड्रिनल कॉर्टेक्स (ग्रंथीचा बाहेरचा थर) एसीटीएचला दाद देत नाही, कारण कॉर्टिसॉल बनवायला लागणारं सीवायपी17 हे एन्झाइम तेव्हा फार कमी असतं. शेवटच्या दिवसांत ते वाढतं आणि कॉर्टिसॉलची लाट येते. तीच फुप्फुसं तयार करते आणि मेंढीत प्रसूतीही सुरू करते. न्यूझीलंडच्या लिगिन्स यांनी हे मेंढ्यांवर दाखवलं. पुढे 1972 मध्ये हॉवी यांच्यासोबत त्यांनी मुदतीआधी प्रसूत होणाऱ्या बायकांना बीटामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखं औषध देऊन पाहिलं. तेवढी एक स्लाइड घ्याच. पण मेंढीचं सगळं माणसाला लावू नका. आपल्या गर्भाच्या ॲड्रिनलचा मोठा भाग डीएचईए-सल्फेट हे कच्चं संप्रेरक बनवतो, त्यातून वार इस्ट्रोजेन तयार करते.

दुसऱ्याचं उत्तर, नाही. उताणं झोपल्यावर गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबतं, आईचा दाब पडतो, वारेला रक्त कमी जातं. बाळापर्यंत पोचतो तो मुख्यतः ऑक्सिजनचा तुटवडा. अशा वेळी बाळाच्या रक्तवाहिन्या आकसतात, ठोके मंदावतात, आणि दाब सुरुवातीला उलट वाढूही शकतो. म्हणून रक्तस्रावाने दाब पाडण्याचे प्रयोग आणि ऑक्सिजन कमी करण्याचे प्रयोग वेगळ्या तक्त्यात मांडा.

उत्तर (धुळ्याहून, औषधांचं दुकान):
रेनिनचा मुद्दा गाळू नका बरं. एनालाप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या गरोदरपणात टाळतात त्या याचमुळे. बाळाची अँजिओटेन्सिनची यंत्रणा बंद पडते, मूत्रपिंडं काम सोडतात, बाळाभोवतीचं पाणी आटतं. वहिनीला घेरी येत असेल तर मात्र इथे विचारत बसू नका, त्यांच्या डॉक्टरांनाच फोन करा.

धागाकर्ती:
दादा, दोघांचे आभार. वहिनीला घेरी वगैरे काही नाही, आईच काळजी करते. आता एकच: आईचं कॉर्टिसॉल वारेतून बाळाकडे जात असेल, तर गर्भाचं स्वतःचं किती हे मोजताना वेगळं कसं काढतात?