आमदारांच्या पेन्शनवर म्हणे आपला जळफळाट!

खडूस मास्तर
सध्या एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. लिहिणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आमदार चोवीस तास राबतो, आयटीतल्या पोराला त्याच्यापेक्षा जास्त मिळतं, तरी लोक त्याच्याच पगार-पेन्शनच्या नावानं बोटं मोडतात, आणि याचं कारण निव्वळ पोटदुखी. खाली वाहवा करणाऱ्यांची ही रांग. दुर्लक्ष करणार होतो, पण सकाळी आमच्याच शाळेच्या ग्रुपवर एकानं ती टाकली आणि डोकं फिरलं.

पगार घ्या हो! नको कोण म्हणतंय? माझा राग पगाराच्या आकड्यावर नाहीच. स्वतःचा पगार स्वतःच ठरवायचा, स्वतःच मंजूर करायचा आणि त्यावर अवाक्षर काढायचं नाही, यावर आहे. ऑगस्ट २०१६ आठवा. पावसाळी अधिवेशनाचा शेवट, राज्य लागोपाठच्या दुष्काळातून नुकतं बाहेर आलेलं. आमदारांचं वेतन पाऊण लाखावरून दीड लाखाच्या पुढे नेणारं विधेयक चर्चेविना मंजूर. पेन्शन ४० हजारांची ५० हजार. एरवी राजदंड पळवणारे, कागद भिरकावणारे, पायऱ्यांवर बसून टाळ कुटणारे त्या दिवशी कसे शहाण्या मुलांसारखे बसले होते!

एक टर्म केली की जन्मभर महिना ५०,०००. पुढच्या प्रत्येक वर्षामागे २,००० जादा. चार टर्मवाल्याचे झाले ८०,०००. पुढे तोच माणूस खासदार होऊन माजी झाला तर ती पेन्शन वेगळी. मी २००६ साली नोकरीला लागलो. माझ्या पेन्शनचं काय, ते शेअर बाजाराला विचारा.

आणि राबतात म्हणे. जुलै २०२५ चा एकच महिना घ्या. आकाशवाणी आमदार निवासात डाळीला वास येतो म्हणून आमदार बनियन-टॉवेलवर खाली उतरून कॅन्टीनच्या पोराच्या कानाखाली वाजवतात. सभागृहात तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर रमी दिसते. ते म्हणाले, खेळत नव्हतो. बरं, नसतील. विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे कार्यकर्ते एकमेकांची गचांडी धरतात. यातलं एक जरी मी शाळेत केलं असतं तर दुसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद हातात पडला असता.

माजी पीए
मास्तर, मी एका आमदारांकडे बरीच वर्षं स्वीय सहायक होतो. पक्ष विचारू नका, सगळीकडे तेच. तुम्ही सभागृह टीव्हीवर बघता, मी बंगल्याची ओसरी बघितलीय.

सकाळी सातला माणसं हजर. एकाला दवाखान्याच्या बिलासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचं पत्र. एकाच्या पोराला पोलिसांनी उचललंय, फोन करा. एक म्हातारी संजय गांधी निराधारचे पैसे तीन महिने आले नाहीत म्हणून रडतेय. क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धेचं पहिलं बक्षीस तुमच्याकडून. गणपती मंडळ, हरिनाम सप्ताह, कीर्तनाची पंगत. लग्नसराईत एका दिवशी वीस-वीस पत्रिका. प्रत्येक ठिकाणी आहेर आणि फोटो. मयतीला गेलं नाही तर दहाव्याला तरी जायलाच लागतं, नाहीतर तो अख्खा वाडा पुढच्या वेळी विरोधात. हे पैसे त्या दीड लाखातून होतात असं वाटतं तुम्हाला? पगार बंद करा, पेन्शन बंद करा. मग निवडणुकीला फक्त ठेकेदार आणि वाळूवाले उभे राहतील. मग बसा.

निनावी
सगळे चोर. दहा वर्षं लष्कराच्या ताब्यात द्या देश.

वकीलबाई
निनावी, लष्कराच्या ताब्यात देश असला की असलं काही लिहायची सोय राहत नाही, तेव्हा आता लिहून घ्या.

माजी पीए, तुम्ही न कळत मास्तरांचीच बाजू भक्कम केलीत. पगारातून हे भागत नाही, म्हणजे कुठून तरी भागतं. तो ‘कुठून तरी’ जरा उलगडून सांगा की. पगार दुप्पट झाल्यावर ठेकेदार यायचे थांबले का? आणि त्या म्हातारीचे पैसे आमदाराच्या फोनशिवाय येत नाहीत, ही आमदाराची सेवा नाही, तहसीलची नामुष्की आहे. ती तशीच राहण्यातच ओसरीवरच्या गर्दीचा फायदा असतो.

माजी पीए
ताई, कोर्टात बसून बोलणं सोपं आहे. त्या म्हातारीला तहसील सुधारेपर्यंत थांब म्हणून सांगा तुम्ही. आम्ही फोन लावायचो.

लालपरी
मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. आमच्या गाडीत आमदार-खासदारांसाठी राखीव सीट असते, वर पाटी असते. आख्ख्या नोकरीत त्या सीटवर आमदार बसलेला पाहिला नाही. कॉलेजची पोरं बसायची आणि एकमेकांना ‘या आमदार साहेब’ म्हणायची.

पेन्शनचं म्हणाल तर आम्हाला ईपीएस-९५, म्हणजे पीएफ खात्याची पेन्शन योजना. हातात किती येतात सांगायची लाज वाटते. चार हजारसुद्धा नाहीत. किमान पेन्शन २०१४ पासून एक हजारावर अडकलीय. एक हजार! बायकोच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात येत नाहीत. आमची म्हातारी माणसं किती वर्षं उपोषणाला बसतायत, दिल्लीला जातायत, एकेक जण मरून चाललाय. त्यांच्यासाठी कधी चर्चेविना विधेयक मंजूर झालं नाही. मास्तर, तुमचं दुखणं मोठं असेल, पण आमच्यापेक्षा बरंच आहे.

कोरडवाहू
लालपरी दादांना हात जोडतो. पण मास्तर, तुमचं काय चाललंय? आमदारांच्या आडून तुम्ही हळूच जुन्या पेन्शनचं घोडं पुढं दामटलं. आम्हाला कळत नाही व्हय?

मार्च २०२३ विसरलो नाही आम्ही. जुन्या पेन्शनसाठी तुमचा संप चालू, दहावी-बारावीची पोरं परीक्षेला बसलेली. त्यातच अवकाळी आणि गारपीट. गहू आडवा, काढून ठेवलेला हरभरा भिजला, आंब्याचा मोहोर खाली. पंचनाम्याला माणूस मिळेना. आमच्या सज्जाचा तलाठी फोन उचलून काय म्हणला? ‘संपात आहे, फोटो काढून ठेवा.’ काढले फोटो. पुढं संप मिटला, तोवर रानातलं सगळं कुजून गेलं आणि आलेला माणूस म्हणतो, नुकसान दिसत नाही. आमदार लुटतो ते पाच वर्षांतनं एकदा दिसतं. तुम्ही लोक महिन्याच्या महिन्याला.

खडूस मास्तर
तलाठ्याचा राग माझ्यावर कशाला? मी पंचनामे करत नाही. मी जनगणना करतो, मतदारयादी करतो, खिचडीचा हिशोब ठेवतो, आणि वेळ उरला तर शिकवतो. त्या संपात मी होतो, आणि त्याची मला लाज नाही. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्या सहकाऱ्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, आणि सहा महिन्यांनी लागलेल्या मला बाजारभावानं. काम एकच, वर्गही शेजारी-शेजारी. तिजोरीत पैसा नाही म्हणून आमची बंद केली ना? मग त्याच तिजोरीतून पाच वर्षांवाल्याला जन्मभर कसं परवडतं, एवढंच विचारतोय.

कोरडवाहू
आमचा साठ वर्षांचा बाप अजून रानात जातो. त्याला पेन्शन कुणी द्यायची? त्याची सेवा कमी झाली का? पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, ते तुमच्या एका दिवसाच्या पगाराचे किती पट ते तुम्हीच काढा, गणित शिकवता.

खडूस मास्तर
मराठी शिकवतो.

कोरडवाहू
तरीच पहिल्या पोस्टीत एवढा पाल्हाळ.

लालपरी
अहो भांडू नका. नाहीतर आमदार म्हणायचे, बघा, हे आपापसातच भांडतात.

माजी पीए
म्हणतातच. आमच्याकडे संघटनांची शिष्टमंडळं यायची तेव्हा साहेब पहिला प्रश्न हाच विचारायचे, ‘तुमच्यात फूट आहे ना?’ असली की निवांत व्हायचे. जाऊ द्या. पण मास्तर, आकडा मांडा. राज्यात आमदार २८८, विधान परिषदेचे ७८. माजी धरले तरी सगळ्यांचं मिळून जेवढं होईल ते तुम्हा लोकांच्या पगार-पेन्शनपुढे चिल्लर आहे. मार्च २०२३ च्या संपात सतरा-अठरा लाख कर्मचारी असल्याचं तुमच्याच संघटना सांगत होत्या. सरकार बुडेल ते कुणामुळे?

वकीलबाई
रक्कम लहान आहे हे मान्य. नाइलाजानं मान्य. पण मुद्दा रकमेचा नसून लाभार्थी आणि मंजुरी देणारा एकच असण्याचा आहे. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाचा घोटाळा उघड झाला, तेव्हा त्यांनी वेगळी स्वतंत्र यंत्रणा उभी केली, आणि तिथे खासदारांचा पगार आता तीच ठरवते. आपल्याकडे संसदेनं २०१८ पासून निदान सूत्र लावलं, दर पाच वर्षांनी महागाई निर्देशांकाप्रमाणे. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये खासदारांचं वेतन एक लाखाचं १ लाख २४ हजार झालं, पेन्शन २५ ची ३१ हजार. सूत्रावर वाद घाला, पण निदान घाईघाईतलं विधेयक नाही. पंजाबनं २०२२ मध्ये एक आमदार, एक पेन्शन केलं, टर्म कितीही असोत. आकाश कोसळलं नाही.

कोर्टाकडे मात्र डोळे लावू नका. माजी खासदारांची पेन्शन घटनाबाह्य ठरवा म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली.

खडूस मास्तर
आणि वर्तनाचं? की तेही त्यांचं त्यांनीच ठरवायचं?

वकीलबाई
बरंचसं तेच ठरवतात, आणि ठरवताना दोन टोकं गाठतात. जुलै २०२१ मध्ये आपल्याच विधानसभेनं बारा आमदार वर्षभरासाठी निलंबित केले. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये तो ठराव रद्द केला, कारण निलंबन त्या अधिवेशनापुरतंच असू शकतं. वर्षभर मतदारसंघ बिनप्रतिनिधी ठेवणं म्हणजे हकालपट्टीहून वाईट. उलट डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारणाऱ्या ११ खासदारांना संसदेनं घरी पाठवलं होतं, आणि ते टिकलं. म्हणजे मनात आलं की जमतं. दोन वर्षांची शिक्षा झाली की पद लगेच जातं, हे मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालामुळे. त्याआधी अपील दाखल केलं की खुर्ची शाबूत. आणि लाच घेऊन सभागृहात मत दिलं तर विशेषाधिकाराचं कवच मिळणार नाही, हे ठरायला मार्च २०२४ उजाडावं लागलं. असं कवच देणारा १९९८ चा जुना निकाल सव्वीस वर्षं उभा होता.

माजी पीए
कॅन्टीनचं कुणी पुढे बोललं नाही. डाळ खरंच वाईट होती, एफडीएनं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनानं, परवाना निलंबित केला. मीही तिथं जेवलोय. मारणं चूकच, पण डाळीचं कौतुक नको.

लालपरी
डाळीचं कौतुक कोण करतंय साहेब. आमच्या डेपोतल्या कॅन्टीनची डाळ खाल्लीत तर तुम्ही त्या पोराला बक्षीस द्याल. आम्ही पण पोट बिघडून गाडीवर जायचो. वेटरला नाही मारलं कधी. मारला असता तर बडतर्फ. मास्तरांचं तेवढं बरोबर आहे.

कोरडवाहू
आणि आमच्याकडं त्या आमदारांचे व्हिडिओ बघून पोरं शिट्ट्या मारत होती. ‘वाघ आहे’ म्हणे. मग मतं कुणाला पडणार? परवा गावात एकाला विचारलं, पाकीट घेतलं का? म्हणला, दोन्हीकडून घेतलं, मत मनानं दिलं. आणि हाच माणूस पारावर बसून आमदार खातो म्हणून शिव्या देतो. मला त्याचा राग येतो जास्त.

माजी पीए
हेच मी वरपासून सांगतोय!

वकीलबाई
पाकीट देणारा आणि घेणारा सारखे नसतात. घेणाऱ्याकडे दुसरं काही मागायची सोयच उरलेली नसते.

कोरडवाहू
ताई, त्याच्याकडं बारा एकर बागायत आहे.

खडूस मास्तर
मी एक निवेदन तयार करतोय. आमदारांचं वेतन-पेन्शन ठरवायला स्वतंत्र समिती, विधेयकावर सभागृहात सक्तीची चर्चा, एक माणूस एक पेन्शन. आणि शेवटी, जो न्याय लोकप्रतिनिधींना तोच कर्मचाऱ्यांना.

कोरडवाहू
बघा, आलंच शेवटी शेपूट! पहिल्या तीन मागण्यांवर सही करतो. चौथी काढा.

लालपरी
चौथीत ईपीएस-९५ घाला, मग मी डेपोतल्या सगळ्यांच्या सह्या आणतो.

कोरडवाहू
ईपीएसला माझी हरकत नाही. मास्तरांच्याला आहे.

खडूस मास्तर
चौथी राहणार. नको असेल तर सही करू नका.

माजी पीए
निवेदन शेवटी आमदारांच्याच हातात द्यावं लागेल, तेवढं ध्यानात ठेवा. दहाच्या आत जा. आणि सोबत कॅमेरावाला न्या, नाहीतर पोच मिळत नाही.